यादीबाहेरचे जुने अल्बम कसे शोधावेत आणि सापडल्यावर कसे ऐकावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सर्वोत्तम अल्बमांच्या याद्यांत येणारे बहुतेक अल्बम तुम्ही गेल्या काही वर्षांत मिळवले आणि मनापासून ऐकले. आता संग्रहात भर पडते, पण पूर्वीसारखा आनंद होत नाही. जुने आणि कोणाच्या फारसे लक्षात नसलेले अल्बम धुंडाळणाऱ्यांना मात्र तो आनंद पुन्हा पुन्हा मिळताना तुम्हाला दिसतो. असे अल्बम सापडतात कसे, त्यांतले चांगले कोणते हे ओळखावे कसे, आणि हा सगळा केवळ गतकाळाचा मोह तर नाही ना, असे तुम्ही विचारले आहे.

तिन्ही प्रश्नांकडे मी येईनच, पण मला वाटते तुमची खरी अडचण शोधण्याची नाही. आतापर्यंत प्रत्येक अल्बम तुमच्या हाती आला तेव्हा तो थोर असल्याचा निकाल आधीच लागलेला होता. तुमच्या वाट्याला उरले होते ते त्या निकालाला मान डोलावणे, किंवा मान डोलवता आली नाही तर आपल्याच कानांविषयी शंका घेणे. यादीबाहेरचा अल्बम हाती येतो तेव्हा त्याच्याविषयी कोणी काहीच सांगितलेले नसते, आणि तो चांगला आहे की नाही हे ठरवण्याचे काम पूर्णपणे तुमच्यावर येऊन पडते. जुने अल्बम शोधणाऱ्यांचा आनंद माझ्या मते या कामात आहे. वस्तू दुर्मीळ असल्याचा आनंद वेगळा असतो आणि तो लवकर ओसरतो, तर स्वतःच्या कानाने एखादी गोष्ट मोलाची ठरवल्याचा आनंद वर्षानुवर्षे पुरतो.

पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधी मान्य करते. मी प्रामुख्याने १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या लाँग प्ले रेकॉर्ड्स जमवते, आणि त्यांतही जॅझ, सोल आणि लोकसंगीताच्या वळणाची गाणी. त्यामुळे माझी उदाहरणे त्या प्रांतातली आहेत. तुमची आवड अभिजात पियानोवादनाची असेल किंवा तुम्ही ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या जमवत असाल, तर नावे बदलतील आणि काही ठिकाणी पद्धतही बदलेल. दहा इंची ७८च्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावते, त्यामुळे तिथे अल्बमपेक्षा एकेका गाण्याचा विचार करावा लागतो. शिवाय या छंदाला पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. आठवड्यातून एखादी संध्याकाळ निवांत ऐकण्यासाठी काढता येत नसेल, तर घरात रेकॉर्ड्स जमा होतील आणि त्यांतल्या बहुतेक अनोळखीच राहतील.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. चांगले अल्बम दुर्लक्षित का राहतात हे आधी समजून घेतले, तर शोध कुठे घ्यावा हे बरेचसे स्पष्ट होते. सर्वांत साधे कारण म्हणजे रेकॉर्ड दुकानापर्यंत पोहोचलेलीच नसते. मेम्फिसच्या बिग स्टार या गटाचा पहिला अल्बम १९७२ मध्ये आला तेव्हा समीक्षकांनी त्याचे कौतुक केले, परंतु वितरण इतके ढिसाळ होते की ज्यांना तो विकत घ्यायचा होता त्यांना तो दुकानात मिळत नव्हता. पुढच्या पिढीच्या कितीतरी गिटारवादकांनी या गटाचे ऋण मान्य केले, पण तोपर्यंत गट राहिलेला नव्हता. असेच कारण गट फुटण्याचे असते. द झॉम्बीज या इंग्रज गटाचा 'ओडेसी अँड ओरॅकल' हा अल्बम १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याआधीच सभासदांनी गट विसर्जित केला होता. १९६९ मध्ये त्यातल्या एका गाण्याला अमेरिकेत मोठे यश मिळाले तेव्हा ते मंचावर गाण्यासाठी गट अस्तित्वातच नव्हता. संगीत उत्तम असले तरी त्याच्या मागे कोणी उभे नसेल तर ते विरून जाते. निक ड्रेक या इंग्रज गायकाचे तिन्ही अल्बम त्याच्या हयातीत फारसे खपले नाहीत, त्याचे एक कारण तो मैफली क्वचितच करत असे हेही होते.

मला अधिक रस वाटतो तो दुसऱ्या प्रकारच्या कारणात. काही अल्बम कोणत्या कप्प्यात ठेवायचे हेच त्या काळच्या ऐकणाऱ्यांना ठरवता आले नाही. डॉरथी ॲशबी ही हार्पवादक १९५०च्या दशकापासून जॅझ वाजवत होती, पण हार्प हे वाद्यवृंदातले किंवा दिवाणखान्यातले वाद्य, असा समज इतका पक्का होता की जॅझ ऐकणारे तिच्याकडे वळले नाहीत आणि हार्प ऐकणाऱ्यांना तिची लय परकी वाटली. तिचा १९६८चा 'आफ्रो-हार्पिंग' आज अनेक संग्राहकांच्या आवडीचा आहे. त्याहून ठळक उदाहरण चरणजित सिंग यांचे आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या या कलाकाराने १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ताल देणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली. त्या वेळी तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, कारण राग ऐकणाऱ्यांना तो यांत्रिक ठेका नको होता आणि नाचणाऱ्यांना राग नको होते. सुमारे वीस वर्षांनी ती एका डच संग्राहकाच्या हाती लागली आणि २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली. तेव्हा ऐकणारे थक्क झाले, कारण १९८७च्या सुमारास शिकागोमध्ये ज्या नृत्यसंगीताचा उदय झाला, त्याच्याशी तिचा आवाज विलक्षण जुळत होता. साम्य आकस्मिक नव्हते, कारण दोन्हीकडे रोलँड कंपनीचे तेच छोटे बास-यंत्र वापरलेले होते, पण दोन्ही ठिकाणच्या कलाकारांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती.

तिसरा प्रकार ध्वनिमुद्रण होऊनही कपाटातच राहिलेल्या अल्बमांचा. टीना ब्रुक्स या टेनर सॅक्सोफोनवादकाने ब्लू नोट या लेबलसाठी, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीसाठी, १९५८ ते १९६१ या काळात स्वतःच्या नेतृत्वाखाली चार अल्बमांचे संगीत मुद्रित केले, आणि त्यांतला केवळ एक, १९६०चा 'ट्रू ब्लू', त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाला. तो १९७४ मध्ये गेला, आणि चारही मुद्रणे एकत्र ऐकायला मिळाली ती १९८५ मध्ये. पियानोवादक अँड्र्यू हिलने नऊ वादकांसह १९६९ मध्ये मुद्रित केलेला 'पासिंग शिप्स' तर २००३ मध्ये प्रकाशात आला. अशा वेळी दुर्लक्षाचा दोष ऐकणाऱ्यांना देता येत नाही, कारण त्यांच्यासमोर ते संगीत कधी आलेलेच नव्हते.

मात्र या उदाहरणांवरून दुर्लक्षित म्हणजे चांगले असा निष्कर्ष काढू नये. विसरले गेलेले बहुतेक अल्बम सामान्यच असतात. त्यांत एखादे बरे गाणे असते, उरलेले स्टुडिओत तास-दीड तासात घाईघाईने उरकलेले असते, आणि काळाने त्यांच्यावर अन्याय केला असे म्हणता येत नाही. नव्या संग्राहकाला आपण शोधलेली प्रत्येक गोष्ट रत्न वाटू लागते, आणि दुर्लक्ष हाच दर्जाचा पुरावा मानण्याकडे मन ओढ घेते. ही ओढ थोपवावी, कारण यादीवर विसंबणे आणि यादीत नसण्यावर विसंबणे, या दोन्हींत आपला कान रिकामाच राहतो.

मग शोध कसा घ्यावा? माझी मुख्य पद्धत नावांचा माग काढण्याची आहे. जो अल्बम तुम्हाला आधीच प्रिय आहे तो हातात घ्या आणि कव्हरची मागची बाजू वाचा. गायकाचे नाव बाजूला ठेवा, आणि बास कोणी वाजवला, तालवाद्यांवर कोण होते, स्वरयोजना कोणी केली, ध्वनिमुद्रण कोणी केले ते पाहा. त्यातले ज्याचे काम तुमच्या कानाला सर्वांत जास्त भिडते, त्याचे एक नाव निवडा आणि त्याच वर्षाच्या आसपास त्याने आणखी कोठे वाजवले ते शोधा.

हे एका उदाहरणाने सविस्तर सांगते, कारण या पद्धतीचे बळ तपशिलात दिसते. गायक व्हॅन मॉरिसनचा १९६८चा 'ॲस्ट्रल वीक्स' तुमच्या संग्रहात असणार, कारण तो प्रत्येक यादीत असतो. त्यातली गाणी ज्या बासच्या आधाराने तरंगतात तो बास रिचर्ड डेव्हिसचा आहे. केवळ आधाराचे सूर देण्याऐवजी तो गायकाशी सतत संवाद करत राहतो, कधी त्याच्या पुढे जातो, कधी मागे रेंगाळतो. हा संवाद आवडला असेल तर त्याच वादकाचा चार वर्षे आधीचा माग काढा, म्हणजे १९६४च्या फेब्रुवारीत मुद्रित झालेल्या सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीच्या 'आउट टू लंच' या अल्बमापर्यंत तुम्ही पोहोचता. तोही आता प्रसिद्ध आहे. पण त्याच्याच पुढच्या महिन्यात डॉल्फी, डेव्हिस आणि तालवादक टोनी विल्यम्स हे तिघेही अँड्र्यू हिलच्या 'पॉइंट ऑफ डिपार्चर' या अल्बमासाठी पुन्हा एकत्र वाजवत होते, आणि त्या वेळी विल्यम्स अवघा अठरा वर्षांचा होता. तिथून हिलच्या त्याच वर्षाच्या 'जजमेंट!' या अल्बमाकडे जाता येते. त्यात सुषिर वाद्ये नाहीत, केवळ व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर वाजणारे वाद्य), पियानो, बास आणि ड्रम्स आहेत, आणि डेव्हिसचा बास त्यात आणखी मोकळा ऐकू येतो. एका गायकाच्या सर्वपरिचित अल्बमापासून काही पावलांत तुम्ही अशा पियानोवादकापाशी येता ज्याला त्याच्या उमेदीच्या काळात फार थोड्यांनी ऐकले. आणि तुम्ही तिथे अंधारात चाचपडत आलेले नसता, कारण प्रत्येक पावलाला तुमच्या कानाने होकार दिलेला असतो.

स्वरयोजनाकाराच्या नावाने गेलात तर वाट वेगळीकडे वळते. निक ड्रेकच्या पहिल्या अल्बमातली तंतुवाद्यांची योजना बव्हंशी रॉबर्ट कर्बीची होती. त्याचे नाव धरून पुढे गेलात की व्हॅश्टी बन्यन या गायिकेच्या १९७०च्या 'जस्ट अनदर डायमंड डे' या अल्बमापर्यंत येता. तो त्या वेळी कोणाच्या लक्षातही आला नाही आणि तिने संगीत जवळजवळ सोडून दिले. २००० मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाला, नवे श्रोते मिळाले, आणि २००५ मध्ये तिने दुसरा अल्बम केला. चार्ल्स स्टेपनी या शिकागोच्या संयोजकाचा माग काढलात तर मिनी रिपर्टन या गायिकेचा १९७०चा 'कम टू माय गार्डन' भेटतो. पुढे तिच्या ज्या गाण्याने जग तिला ओळखू लागले त्याहून तिची या अल्बमातली गायकी मला अधिक समृद्ध वाटते. स्टेपनीची वाद्यरचना तिच्या आवाजाला झाकत नाही आणि त्याच्यामागे नुसती उभीही राहत नाही, तर तो जिथे जाईल तिथे त्याच्यासाठी जागा करून देते.

लेबलच्या नावानेही असा माग काढता येतो, पण त्याला मर्यादा आहे. एखाद्या छोट्या लेबलवर एकाच निर्मात्याची छाप असते आणि ठरावीक वादक पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या एका तुकड्यापुरते लेबल भरवशाचे ठरते. मालकी किंवा निर्माता बदलला की तेच नाव आणि तेच चिन्ह घेऊन वेगळेच संगीत येऊ लागते. म्हणून लेबल पाहताना वर्षही पाहावे.

संगीत सुचवणाऱ्या आजच्या साधनांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण हा प्रश्न मनात येणारच. तुमच्यासारख्या इतरांनी काय ऐकले यावरून ती बरेचसे सुचवतात. ज्याला श्रोतेच मिळाले नाहीत, तो अल्बम त्यांच्या वाटेवर येण्याची शक्यता त्यामुळे कमीच असते. नाव कळल्यानंतर विकत घेण्याआधी एकदा ऐकून पाहण्यासाठी मात्र ती फार उपयोगी आहेत, आणि मी त्यांचा वापर त्यासाठीच करते.

प्रत्यक्ष रेकॉर्ड हातात आल्यावर ती वस्तूही बरेच काही सांगते. कव्हरचा कोपरा कापलेला असेल, कडेला खाच पाडलेली असेल किंवा भोक असेल, तर न खपलेला माल म्हणून ती प्रत कधीतरी कमी किमतीत काढून टाकली गेली होती असा त्याचा अर्थ होतो. बरेच खरेदीदार ती खूण पाहून प्रत बाजूला ठेवतात. मला ती उलट विचार करायला लावते, कारण अशी प्रत बहुधा फार वाजलेली नसते आणि त्या अल्बमाला ग्राहक मिळाला नाही याची ती उघड नोंद असते. शेवटच्या गाण्यानंतर मधल्या कागदी लेबलपर्यंतचा जो रिकामा, गुळगुळीत पट्टा असतो, तो उजेडात तिरका धरून पाहावा. तिथे साच्याचा क्रमांक आणि कधी कधी तबकडी कोरणाऱ्याची आद्याक्षरे कोरलेली असतात. रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रणकाराची तीन अक्षरांची खूण जॅझच्या संग्राहकांना चांगली परिचित आहे, आणि ती दिसली की निदान कोरण्याचे काम काळजीपूर्वक झाले असेल असे मानता येते.

एक इशारा इथेच द्यायला हवा. मोनोमध्ये, म्हणजे एकाच वाहिनीत मुद्रित झालेले कितीतरी जुने अल्बम १९६०च्या दशकात कृत्रिमरीत्या स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांचे, करून विकले गेले. त्यासाठी एका बाजूला खालचे आणि दुसऱ्या बाजूला वरचे स्वर ढकलले जात आणि वर घुमारा मिसळला जाई. कव्हरवर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ केल्याचा बारीक उल्लेख असतो. अशा प्रतीवरून अल्बमाविषयी मत बनवू नये, कारण वाद्यांचा मूळ समतोल त्यात बिघडलेला असतो. शक्य असेल तर मूळ मोनो प्रत घ्यावी आणि ॲम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर ते वापरावे. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत केवळ आडव्या हालचालीत कोरलेले असते, आणि दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की सुईच्या उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीचशी नाहीशी होते.

रेकॉर्डच्या अवस्थेविषयी थोडक्यात सांगते. वरवरचे ओरखडे दिसायला वाईट असले तरी बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला जाणवणारा ओरखडा ऐकू येतोच. सर्वांत घातक झीज मात्र डोळ्यांना चटकन दिसत नाही. जड किंवा झिजलेल्या सुईने वारंवार वाजवलेल्या रेकॉर्डवर, विशेषतः मोठ्या आवाजाच्या भागांत, करडी झाक येते, आणि ती धुऊन जात नाही. धुण्यासाठी शुद्ध पाणी आणि सौम्य द्रावण पुरते. शेलॅकच्या ७८च्या तबकड्यांना अल्कोहोल मात्र कधीही लावू नये, कारण शेलॅक त्यात विरघळते. रेकॉर्ड्स उभ्या ठेवाव्यात आणि उष्णतेपासून दूर ठेवाव्यात.

आता ऐकण्याविषयी. माझ्या मते या सगळ्या उद्योगाचा गाभा ऐकण्यात आहे, आणि संग्राहक त्यावर सर्वांत कमी बोलतात. प्रसिद्ध अल्बम पहिल्यांदा ऐकताना आपण त्याच्याविषयी वाचलेले सगळे घेऊन बसतो, त्यामुळे कुठे लक्ष द्यायचे ते माहीत असते. अनोळखी अल्बमाबाबत तसे काहीच हाताशी नसते, आणि पहिल्या ऐकण्यात मन सतत साम्ये शोधत राहते: हा आवाज अमक्यासारखा, ही सुरुवात तमक्या गाण्यासारखी. ते स्वाभाविक आहे, पण त्या अवस्थेत मत बनवले तर अल्बम कोणाची तरी दुय्यम आवृत्ती ठरतो. म्हणून मी पहिल्या ऐकण्यानंतर काहीही ठरवत नाही. दोन-तीन दिवस जाऊ देते, मग पुन्हा ऐकते, आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करते.

दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करण्यामागे कारण आहे. विक्रीचा विचार करून सर्वांत आकर्षक गाणी पहिल्या बाजूच्या आरंभी ठेवण्याची प्रथा होती. त्याला तांत्रिक जोडही होती. बारा इंची लाँग प्ले रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एकाच गतीने फिरते, त्यामुळे बाहेरच्या कडेजवळ सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर लांबीची खाच सरकते, तर आतल्या टोकाशी केवळ वीस-एकवीस सेंटीमीटर. तेवढ्याच वेळाचे संगीत कमी लांबीत बसवावे लागते, आणि उच्च स्वर व मोठे आवाज तिथे विस्कटू लागतात. म्हणून अनेक निर्माते शांत, संथ गाणी बाजूच्या शेवटी ठेवत. कलाकाराने ज्याच्यावर स्वतःसाठी म्हणून मेहनत घेतली ते, विक्रीला फारसे उपयोगी नसलेले संगीत मला बरेचदा दुसऱ्या बाजूच्या शेवटी सापडले आहे. पुढे गाजलेली गाणीही कधी अशी मागे पडलेली असतात. 'टेंटेड लव्ह' हे ग्लोरिया जोन्सचे गाणे १९६५ मध्ये एका छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूवर प्रसिद्ध झाले होते. ते तेव्हा चालले नाही, १९७०च्या दशकात उत्तर इंग्लंडच्या नृत्यगृहांत ते पुन्हा वाजू लागले, आणि १९८१ मध्ये दुसऱ्या गटाने गायल्यावर ते जगभर पोहोचले.

तिसऱ्या वेळी ऐकताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. या अल्बमात असे काय आहे जे मला दुसरीकडे मिळणार नाही? उत्तर लहान असले तरी चालते. एखाद्या गायिकेची ओळ संपवण्याची रीत, किंवा दोन वाद्यांचा कधी न ऐकलेला मेळ, एवढेही पुरते. मात्र उत्तर नेमके असायला हवे. 'छान वाटले' एवढेच मनात येत असेल तर तो अल्बम चांगला असेल, पण माझा नाही. या प्रश्नाचे उत्तर जेव्हा स्पष्ट सापडते, आणि ते कोणाच्या लेखात वाचलेले नसून आपल्या कानाने काढलेले असते, तेव्हाचा आनंद कोणत्याही थोर अल्बमाच्या पहिल्या ऐकण्यापेक्षा मला मोठा वाटतो. तुम्हाला जे हरवल्यासारखे वाटते आहे ते बहुधा हेच आहे.

इथवरचे सार असे, की दुर्लक्षाची कारणे बहुधा संगीताबाहेरची असतात पण ती दर्जाची हमी देत नाहीत, माग नावांचा काढावा, आणि मत तिसऱ्या ऐकण्याआधी बनवू नये. आता दुर्मीळपणा आणि गतकाळाचा मोह हे दोन मुद्दे उरतात.

मूळ आवृत्ती हवी की पुनर्प्रकाशित प्रत चालेल, यावर संग्राहकांत टोकाचे वाद होतात. माझे मत असे आहे की शोधाच्या टप्प्यावर पुनर्प्रकाशित प्रत उत्तम. संगीत आवडेल की नाही हे ठरायच्या आधीच दुर्मीळ मूळ प्रतीवर मोठा खर्च केला, तर तो खर्चच मताला वाकवतो, आणि महाग घेतलेली रेकॉर्ड सामान्य आहे हे मान्य करणे फार जड जाते. मूळ टेपवरून काळजीपूर्वक केलेले पुनर्प्रकाशन कधी कधी मूळ प्रतीपेक्षा चांगले ऐकू येते, विशेषतः मूळ लेबल छोटे असेल आणि त्याने हलक्या प्रतीचे विनाइल वापरले असेल तेव्हा. उलट, मूळ टेप हरवल्यामुळे रेकॉर्डवरूनच पुन्हा रेकॉर्ड केलेल्या आवृत्त्याही बाजारात असतात, आणि त्यांपेक्षा थोडी खरखरणारी मूळ प्रत कितीतरी बरी. पुनर्प्रकाशनाचा आणखी एक लाभ असा, की त्यासाठी परवानगी घेताना कधी कधी कलाकाराचाही शोध लागतो. बिल फे या इंग्रज गायकाचे १९७० आणि १९७१चे दोन अल्बम न चालल्याने त्याचा करार संपला होता. १९९८ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध झाले, तरुण संगीतकार त्याची गाणी गाऊ लागले, आणि २०१२ मध्ये त्याचा नवा अल्बम आला. दुर्लक्षित संगीत ऐकण्याचा परिणाम संगीतकारापर्यंत पोहोचू शकतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणि गतकाळाचा मोह? जे संगीत आपण तरुणपणी ऐकले त्याच्याविषयी हा आक्षेप योग्य ठरू शकतो. परंतु जे आपण कधी ऐकलेच नव्हते, ज्याच्याशी आपली एकही आठवण जोडलेली नाही, ते १९६४चे असले तरी आपल्यासाठी नवेच असते. मला धोका दुसरीकडे दिसतो. जुन्या अल्बमाचे मोल केवळ पुढे काय आले यावरून ठरवण्याची सवय लागते. चरणजित सिंग यांची रेकॉर्ड केवळ काळाच्या पुढे होती म्हणून ऐकली, तर रागाचे चलन यंत्राच्या न बदलणाऱ्या ठेक्यावर कसे टिकते, कुठे ताणले जाते, कुठे सुंदर होते, हे ऐकायचेच राहून जाते. नंतरच्या संगीताशी असलेले नाते कळायला हवे, पण अल्बमाने स्वतः काय करायचे ठरवले होते ते आधी ऐकावे.

आता तुमच्यासाठी एक व्यवहारी सूचना. पुढचे काही महिने एकही नवी यादी वाचू नका. तुमच्या संग्रहातले सर्वांत प्रिय तीन अल्बम काढा आणि प्रत्येकाच्या कव्हरवरून एक असे नाव निवडा ज्याच्याकडे तुम्ही आजवर लक्ष दिले नव्हते. त्या तीन नावांमागे जाऊन जे मिळेल ते तीनदा ऐका आणि एका वहीत वर्ष, वादक आणि तुमचे नेमके कारण लिहून ठेवा. ज्याच्यासमोर कारण लिहिता येणार नाही तो अल्बम ज्याला आवडेल त्याला देऊन टाका, म्हणजे कपाटात पुढच्या शोधासाठी जागा होईल. सहा महिन्यांनी वहीत पाच-सहा नोंदी असल्या तरी खूप झाले. त्या नोंदी इथे जरूर लिहा. कोणत्या नावापासून निघून तुम्ही कुठे पोहोचलात हे वाचायला मला मनापासून आवडेल, आणि त्यातला एखादा अल्बम माझ्याही ऐकण्यातून सुटलेला असण्याची बरीच शक्यता आहे.